दोघांनी घालायचे मोजे

...नाही पण मला एक सांगा, मोजा घालताना माणसाला घाम यावा का? म्हणजे पळून यावा, समजू शकतो. बडोद्यात मे महिन्यात नुसतं बसस्टॉपवर उभं राहून यावा, तेही समजू शकतो. पण मोजा घालून? आणि डोक्यावर पंखा फुल्ल फिरत असताना? तुम्हाला सांगतो, मी हॉलमध्ये फरशीवर बसलेलो, एक गुडघा छातीशी, दात आवळलेले, दोन्ही हातांनी त्या काळ्या मोज्याला ओढतोय... बोटं गेली आत, तळवा गेला, आणि टाच आली की खलास. पुढे जातच नाही! वरून आणखी जोर लावला तर सट्‌कन हातातून सुटला आणि माझं कोपर धाडकन सोफ्याच्या लाकडावर. मोजाच आहे ना? मोजाच. शाळेच्या रिक्षावाल्याचा हॉर्न वाजत असताना, तोंडात पोळीची गुंडाळी धरून, एका पायावर उड्या मारत घातलेले आहेत हो आपण मोजे! त्याला काय लागतं?

पण हा तो मोजा नाही. हा कॉम्प्रेशनचा मोजा. गुडघ्यापर्यंत येतो आणि पोटरी अशी आवळतो, अशी आवळतो, की खाली साचलेलं रक्त बिचारं घाबरून वर निघून जातं. हे ज्ञान मला दिलं रणवीरने. रणवीर म्हणजे आमच्या पळायच्या ग्रुपचा लीडर. कमाटीबागेच्या दरवाज्यापाशी आम्ही सकाळी जमतो, पळतो, आणि पळून जेवढं घटवलं तेवढं सेव-उसळ खाऊन परत भरून काढतो, असा आमचा खेळाडूंचा ग्रुप. तर रणवीरने एकदा माझे साधे मोजे बघितले, आणि असा चेहरा केला जसं काही मी अनवाणी आलोय. "कम्प्रेशन वगर दोडे छे तू? पगनी वाट लागी जशे, भाई." कॉम्प्रेशनशिवाय पळतोस, पायांची वाट लागेल! बस. एवढं कुणी म्हटलं की मी संपलो. त्याच दिवशी सयाजीगंजला ऑफिस सुटल्यावर गेलो आणि घेऊन आलो. ऑफिस म्हणजे व्हिसाचं काम बरं का, लोकांना कॅनडाला पाठवतो, मी स्वतः दिवसभर खुर्चीत. माझं रक्त खाली साचणार नाही तर काय होणार?

आता तुम्ही विचाराल, उत्कर्ष, तू पळायला का लागलास, तू तर कोपऱ्यावर दूध आणायला पण अ‍ॅक्टिवा काढायचास. खरंय. कारण सांगू? आमच्या घरात सकाळी आवाज यायचा बंद झाला. गेल्या श्रावणात आई गेली. संध्याकाळी बोलत होती, सकाळी नव्हती, एवढंच. आणि आमची आई म्हणजे, तुम्हाला सांगतो, पहाटे डोळा उघडल्यापासून रेडिओ. कुकर, बादली, मांडणीतली भांडी, आणि सगळ्यावर तिची टिप्पणी चालू. ती गेली आणि उरलो मी आणि बाबा. बाबा बोलत नाहीत. म्हणजे पहिल्यापासूनच नाही बोलत. सकाळी दोघंही उठलेलो असायचो, आपापल्या खोलीत, आणि दोघंही वाट बघत पडलेलो, की दुसरा उठेल, भांडं वाजवेल... कोणीच नाही वाजवायचं. आता त्यात माणूस पडून किती राहणार? मग मी बूट घालून बाहेर पळालो. अक्षरशः पळालो.

तर तो मोजा. मी फरशीवर लढतोय आणि बाबा हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून पेपर वाचतायत. वाचत नव्हते, पेपराच्या वरून बघत होते. पद्माकर दादासाहेब, म्हणजे आमचे बाबा, असा माणूस आहे की समोर घर पेटलं तरी आधी घडी घालून पेपर ठेवतील. तसा ठेवला. उठले. उठून लंगडत, हो, लंगडत, हल्ली लंगडायचेच ते, विचारलं की म्हणायचे वय झालं... लंगडत आत गेले आणि बाहेर आले ते हातात रबरी हातमोजे घालून! पिवळे! आईचे!

आता या हातमोज्यांचं सांगायला पाहिजे. हे पिवळे हातमोजे आमच्या घरात कायम बाबांच्या खोलीच्या दाराआड खिळ्याला टांगलेले. आई रोज सकाळी उठली की पहिलं ते चढवायची आणि दार आतून लोटून घ्यायची. मला लहानपणापासून वाटायचं ती आतला बाथरूम घासते. मी तिला म्हणायचो पण, आई, उठल्या उठल्या बाथरूम काय घासतेस गं रोज? ती म्हणायची, तुला काय करायचंय, तू तुझा चहा पी. मी प्यायचो. मला काय!

तर बाबा ते घालून माझ्यासमोर खाली बसायला लागले. त्यांना खाली बसायचं म्हणजे एक हात भिंतीला, एक सोफ्याला, गुडघा कर्रर्र... आणि बसून मला म्हणाले, "पाय दे."

मी पाय मागे. असा झटक्यात! अहो देणार कसा? वडील आहेत! आमच्या घरात चुकून झोपेत जरी बाबांना पाय लागला तरी उठून नमस्कार करायचा, ही आईची शिस्त. आणि इथे हा माणूस माझ्या पायाशी बसून माझाच पाय मागतोय! मी म्हटलं बाबा, उठा, काहीतरीच काय, मला पाप लागेल. त्यावर त्यांनी काय केलं? हात पुढे तसाच. पिवळा. वाट बघत. शेवटी मी डोळे मिटले आणि दिला.

आणि काय सांगू तुम्हाला... जादू! त्यांनी तो मोजा आधी टाचेपर्यंत उलटा केला, आतलं बाहेर, एक छोटी पिशवी झाली पुढे, त्यात माझी बोटं, मग टाच आधी बसवली नीट, दाबून, आणि मग उरलेला मोजा हळूहळू उलगडत वर. ओढला नाही हां! त्या रबराच्या हातांनी नुसता तळव्याने वर सारत नेला, पोळी लाटतात तसा. एक सुरकुती नाही. आणि मी मूर्ख इतका वेळ वरून ओढतोय. मोजाच आहे ना? मोजाच. पण हे बाबांना कुठून आलं? बाबांनी आयुष्यभर मकरपुऱ्यात कंपनीत लेथ चालवलं, मोज्यांचं काय काम तिथे? मी विचारलं, कुठे शिकलात? तर म्हणाले, बघून. म्हटलं, कुणाचं बघून? तर एक हात भिंतीला लावून उठायलाच लागले.

आणि तेवढ्यात उठताना त्यांचा पायजमा वर सरकला.

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस आहे. मी मयताला जाऊन पण बोलतो. पण तेव्हा मी बोलायचं सोडून तो पायजमा आणखी वर केला. घोट्याच्या वर सगळं काळं-जांभळं, चामड्यासारखं चमकतंय, पोटरीवर शिरांच्या गाठी, आणि आतल्या बाजूला एक जखम... ओली. वर एवढीशी बँडेडची पट्टी, तीही सुटत आलेली. म्हटलं हे काय आहे? म्हणाले, मच्छर चावला, खाजवलं. मच्छर! असा मच्छर असेल ना, तर त्याला कमाटीबागेच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात ठेवला पाहिजे, तिकीट लावून!

उचलून नेलं बाबांना डॉक्टरकडे. उचलून म्हणजे अ‍ॅक्टिवावर मागे बसवून. डॉक्टर बाई गुजराती, तरुण, एकदम चोख. तिने पाय बघितला, दाबला, मशीन फिरवलं आणि बाबांना विचारलं, आधी तपासलं नव्हतं का कधी? आणि हा गृहस्थ, माझ्यासमोर, शांतपणे म्हणतो, "बताव्युं'तुं ने. वर्षो पहेलां." दाखवलं होतं म्हणे, वर्षांपूर्वी! बाई म्हणाली, शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यात, आयुष्यभर उभं राहून काम करणाऱ्यांना होतं, रक्त पायात साचून राहतं, आणि त्यावर औषध म्हणजे मुख्य एकच... काय? बोला काय? मोजे! कॉम्प्रेशनचे मोजे! माझे पळायचे असतात तसेच, पण आणखी घट्ट, कातडीच्या रंगाचे, पुढे बोटं उघडी. आणि ते सकाळी अंथरुणातच घालायचे, पाय जमिनीला लागायच्या आधी, कारण एकदा उभे राहिलात की रक्त उतरलं, पाय फुगला. हे बाबांना सगळं माहीत होतं. बाई विचारत होती तशी मान हलवत होते, पाठ असलेला धडा ऐकतात तशी.

ती म्हणाली, मग घालत नाही का? बाबा म्हणाले, घालायचो. मग? बंद केले. का? आणि बाबा पंख्याकडे बघून म्हणाले, "खोवाई गया." हरवले.

बाई जरा चिडली. म्हणाली हरवले तर नवे घ्यायचे, अंकल, हा घाव असा भरणार नाही, वाढत जाईल, आत जाईल, मग माझ्याकडे रडत याल. बाबा हो हो म्हणाले. मोजाच आहे ना, मोजाच, मी पण म्हटलं. आत्ता घेऊन टाकू. घेतले पण, खालच्या दुकानातून.

आणि घरी येताना बाबा बोलले. तुम्ही बघितलंय का, काही माणसं अशी असतात की स्कूटरवर मागे बसल्यावरच बोलतात. चेहरा दिसत नाही ना. मी हेल्मेटमध्ये, हे मागे, वारा, ट्रॅफिक, आमच्या बडोद्यातला लालबागचा पूल चढतोय, आणि कानाशी आवाज आला की तुझी आई घालायची.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं काय घालायची? तर म्हणाले, माझे मोजे. रोज. हा माणूस अंथरुणात पडलेला, ती पायाशी बसून, ते पिवळे हातमोजे चढवून, आधी उजवा, मग डावा. बाथरूम नाही हो... बाथरूम नव्हती घासत ती. वर्षानुवर्षं. आणि मी बाहेर चहा पितोय.

मी म्हटलं, मग ते मोजे गेले कुठे? पूल उतरलो. मग म्हणाले, मृदुलाने नेले.

मृदुला म्हणजे माझी मावशी. आईची धाकटी बहीण. तिचं मन चांगलं आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकून तिला... तर आईचे दिवस झाल्यावर मावशीने एका दुपारी कपाट उघडलं आणि आईचं सगळं काढलं. साड्या, पोलकी, स्वेटर. वृद्धाश्रमात द्यायला. घरभर बायका बसलेल्या, काका लोक बसलेले, मधोमध चादरीवर गाठोडं. आणि त्या कपड्यांच्या खालच्या खणात मावशीला सापडले कातडीच्या रंगाचे लांब लांब मोजे. आता तुम्हीच सांगा, असे मोजे बघितल्यावर कुणाचे वाटतील? बाईमाणसाचेच! गेले गाठोड्यात. आणि ते रबरी हातमोजे? ते बिचारीने दाराआड तसेच ठेवले, की घरकामाचे आहेत, राहू देत. म्हणजे आईचं जे होतं ते घरात राहिलं, आणि बाबांचं जे होतं ते आईचं म्हणून गेलं!

"आणि तुम्ही काय करत होतात?" मी विचारलं. गाडी बाजूला घेतली होती तोपर्यंत, एका रसवाल्याच्या पुढे. "समोर बसला होतात ना? बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो?" बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगू की ते माझे आहेत? ती घालून द्यायची म्हणून?"

आता हे तुम्हाला बाहेरून मूर्खपणा वाटेल. मला पण वाटला. पण बाबांचं काय झालेलं, ते त्यांनी तिथे रसवाल्यापाशी सांगितलं. कंपनीत एकदा सत्यनारायण होता. बूट काढा, मोजे काढा, आत या. यांनी वरचे काळे मोजे काढले तर आत हे कातडीवाले. शेजारच्या मशीनवाल्याने बघितलं. झालं! त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत, अख्ख्या वर्कशॉपमध्ये, हा माणूस 'पद्माबेन'. केम छो पद्माबेन. पद्माबेन, पाणी पीधुं? हसायचे हे पण. हसून घ्यायचे, पण घरी येऊन आईला म्हणाले की कुणालाही सांगायचं नाही, पोराला पण नाही. आणि आमची आई, जिच्या पोटात कुणाची एक गोष्ट राहायची नाही, जी भाजीवाल्याला माझे मार्क सांगून यायची, ती ही एकच गोष्ट घेऊन गेली.

मी म्हटलं ठीक आहे, ते सगळं ठीक आहे, पण नंतर? नंतर नवे आणायचे, मला सांगायचं, मी घालून दिले असते. मोजाच आहे ना?

तर बाबा रसाच्या ग्लासात बघत म्हणाले, "ती बोलायची रे तेव्हा."

म्हणजे काय, तर तेवढाच वेळ. एकदा बाबा उठले की चहा, डबा, कंपनीची बस, संध्याकाळी थकून जेवून झोपायचं. त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते सगळं मोजे चढेपर्यंत. कुणाचा फोन आला, कुणाकडे जायचंय, उत्कर्षचं कसं होणार... हे पडलेले, ती घालतेय आणि बोलतेय. रिटायर झाल्यावर दिवसभर घरात दोघंच, तरी बोलायचे ते तेव्हाच. सवय. आणि मला वाटायचं बाबा बोलत नाहीत! बोलायचे की. दार लोटून. बाबांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, चल, गॅसवाला येणार आहे.

घरी येऊन मी काय करणार? मी मावशीला फोन लावला. का लावला, मलाच माहीत नाही. नवे मोजे आणलेले होते, जुन्यांचं काय करायचं होतं? पण लावला. आणि मावशी म्हणते, "अय्या, ते भावोजींचे होते? मी म्हटलं, ताई कधीपासून स्टॉकिंग घालायला लागली!" मग म्हणते, अरे पण ते मी आश्रमात कमला आजींना दिले, त्या तर कोणाला हात लावू देत नाहीत, म्हणतात पाय कसे पिसासारखे झाले, देवीला जाताना पण घालतात. आता तिकडून मागून आणू का? म्हटलं नको मावशी, राहू देत. तेवढ्यात ती थांबली. आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, म्हणजे ताई रोज... एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला. नंतर तासाभराने खमण घेऊन आली. आम्ही तिघांनी खमण खाल्लं.

आणि नवे मोजे? तुम्हाला काय वाटतं, घातले? बाबा म्हणाले, मी घालीन माझे मी. मला आता येतं, तू बघितलंस ना. दुसऱ्याच्या पायात येतं हो! स्वतःच्या पायापर्यंत वाकायचं कसं? पोट मधे येतं, कंबर वाकत नाही, बोटांत जोर नाही. रोज सकाळी मी बाहेर बूट घालून उभा, आणि आतून आवाज येतात. धापा. पलंगाची करकर. मधेच काहीतरी पडल्याचा आवाज. मग शांत. मग बाबा बाहेर येतात, चेहरा असा पुसलेला, आणि पायात काही नाही. मी विचारलं तर म्हणायचे, जरा टाचेपाशी अडतो, येईल सवयीने. मी म्हटलं मी घालू का? नको. नर्स येऊ देत? नको. अहो मग काय, जखम वाढू द्यायची? त्यावर हिंचका चालू.

तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलं. म्हणजे ऑफिसात लोक मला कॅनडाच्या थंडीत काय घालायचं विचारतायत आणि मी त्यांना म्हणतोय, आधी उलटा करा, मग टाच बसवा. जखमेभोवतीचा काळा डाग पसरत चाललेला मला रोज दिसत होता. रोज पायजम्याची कड पिवळट ओली. धुवायला मीच टाकायचो ना. मोजाच आहे, मोजाच आहे असं स्वतःला म्हणायचो आणि मला वाटायचं, एका मोज्यापायी हा माणूस पाय घालवणार, आणि आपण शेजारच्या खोलीत बूट बांधत बसणार.

मग एक दिवस सकाळी मी बूट घातलेच नाहीत. तसाच अनवाणी त्यांच्या खोलीत गेलो. दाराआडचे हातमोजे काढले. माझ्या हाताला लहान होतात ते, करंगळी अर्धीच जाते. आणि पायाशी बसलो. बाबा झोपलेले. म्हणजे घोरत होते. आता आमच्या बाबांचं घोरणं मला माहीत आहे, ते असं लेथसारखं एका लयीत असतं, आणि हे घोरणं म्हणजे... नाटकातलं! मधेच थांबतंय, ऐकतंय, परत चालू होतंय. मी म्हटलं घोरा.

पट्टी नीट आहे का बघितली. उजवा घेतला. उलटा केला. पिशवी केली, बोटं घातली. आणि खोलीत एवढं शांत होतं ना, मला सहन होईना. म्हणून मी बोलायला लागलो. कुणाशी? झोपलेल्या माणसाशी! म्हटलं, बाबा, लाईटचं बिल भरायचंय. समोरच्या देवेंद्रकाकांनी कुत्रा आणलाय. रणवीरने ग्रुपचे टीशर्ट छापलेत, पोपटी रंगाचे, मी काही घालणार नाही. मावशी म्हणत होती, नागरवाड्यात एक मुलगी आहे, बँकेत आहे, तिलाही पळायची आवड आहे, बघा म्हणे... आणि टाच आली. अडला. मी दाबतोय, जातच नाही, आता सुटणार, आता सुटणार... आणि बाबांनी टाच उचलली.

झोपेत. एवढीशी. मोजा जाईल एवढीच.

मी वर सारत नेला. मग डावा. डाव्याला पण, बरोबर वेळेवर, टाच वर. झोपेत माणूस टाच उचलतो का हो? मी झालं म्हणून उठलो, दारापर्यंत आलो, आणि मागून डोळे मिटलेल्या माणसाचा आवाज, "डाव्याला घडी पडलीय. वळ उठेल." मी परत गेलो, घडी काढली. तर म्हणाले, "आणि बिल मी भरलंय." आणि परत घोरायला लागले.

बस. तेव्हापासून रोज हेच. मी जातो, हे घोरतात, मी बोलतो. खूप बोलतो. ऑफिसचं, शेजारचं, क्रिकेटचं, जे सुचेल ते. आता तर मधेच उत्तरं पण येतात, झोपेतून. एकदा तर त्या नागरवाड्याच्या मुलीचं नाव विचारलं झोपेतून. यशश्री, म्हटलं. त्यावर घोरणं जरा मोठं झालं, म्हणजे पसंत असावी. दोन्ही पाय नीट होईपर्यंत, घड्या निघेपर्यंत, बोलणं संपेपर्यंत कमाटीबागेत ग्रुप पळून, घाम पुसून, सेव-उसळीच्या गाडीवर पोचलेला असतो. रणवीरने आधी फोन केले, मग मेसेज केले, मग मला ग्रुपमधूनच काढलं. माझे काळे मोजे? कपाटात. कोण घालणार? एका माणसाचं काम नाही ते, आणि बाबांना परत खाली बसवू?

परवा डॉक्टरकडे गेलो होतो. जखम भरत आलीय, तुम्हाला सांगतो! कडेने गुलाबी झालीय. बाई इतकी खूश, बाबांचा पाय इकडून तिकडून बघते आणि म्हणते, अंकल, एकदम सरस, एक सुरकुती नाही, माझे पेशंट तर महिन्याभरात सोडून देतात, रडतात, चढतच नाही म्हणतात. तुम्हाला रोज घालून कोण देतं?

बाबांनी पंख्याकडे बघितलं. मी बाजूच्या स्टुलावर. करंगळीचं नख अर्धं तुटलेलं, अंगठ्याला फोड. मी पण पंख्याकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "हुं जाते ज पहेरुं छुं." मीच घालतो. स्वतः.

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. एकट्याने? या वयात? आणि मग माझ्याकडे वळून, मला आपादमस्तक न्याहाळून, माझ्या सुटलेल्या पोटावर नजर जरा जास्तच थांबवून म्हणाली, "पप्पा पासेथी शीखो कंईक." वडिलांकडून शिका काहीतरी.

म्हटलं, शिकतोय.